चार-दहाचा चार्ज

बसा की. आत बोलवायला अजून वेळ आहे. रिसेप्शनवरच्या त्या बाई म्हणाल्या, साहेब साडेचारनंतर भेटतील. या खोलीला खिडकी नाही, म्हणून टेबलावरचा हा दिवा दिवसासुद्धा लावून ठेवतात. तुम्हीही काहीतरी विकायलाच आलेले दिसता, मांडीवरची ती जांभळी फाईल बघूनच ओळखलं. मी सॉफ्टवेअर विकतो. आत्ता चारला पाच कमी आहेत, तेवढ्यात एक हकीकत सांगून होईल. मात्र मधेच उठायचं नाही, एवढीच अट.

आमच्या सॉफ्टवेअरचं नाव ‘आठवण’. एखाद्या कारखान्याची सगळी जुनी कागदपत्रं त्याला खायला घालायची. रजिस्टरं, दुरुस्तीच्या नोंदी, तक्रारी, एकमेकांना पाठवलेले मेसेज, सगळं. मग काही बिघडलं की ते सगळी आठवण चाळतं आणि सांगतं, बिघाडाचं मूळ कारण अमुक. माणसं विसरतात, सोयीनं विसरतात, आणि हे विसरत नाही. हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणतो, झोपेतही म्हणतो असं बायकोचं म्हणणं आहे.

तुम्ही मान हलवताय, बरं वाटतं. नाहीतर हल्ली लोक मोबाईलमध्ये तोंड खुपसून ‘हं हं’ करतात.

तर तीन वर्षांपूर्वी मी एका साबणाच्या कारखान्यात डेमो द्यायला गेलो होतो. त्याआधीचे माझे दोन डेमो सपशेल आपटले होते, आणि आमच्या वरिष्ठांनी गोड आवाजात सांगितलं होतं की तिसराही आपटला तर परत यायची तसदी घेऊ नका. साबणाच्या कारखान्याची अडचण चमत्कारिक होती. वड्या वाहून नेणारा पॅकिंगचा पट्टा रोज दुपारी बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी थांबायचा आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचा. दोन महिने हे चाललं होतं. मोटर बदलली, वायरिंग बदललं, उंदरांवर आळ घेऊन झाला, उंदरांसाठी औषधही टाकून झालं. पट्टा आपला चार-दहाला थांबायचाच.

तिथले मॅनेजर मोठे टापटिपीचे गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, मरून टाय, टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीनुसार लावलेल्या. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि दार लोटून घेतलं.

“कारण मला माहीत आहे,” ते म्हणाले. “पट्टा चालवतात त्या मामी. सव्वीस वर्षं झाली, कुणाला जुमानत नाहीत. त्याच बटण दाबतात आणि दहा मिनिटं पाय मोकळे करतात. फक्त पुरावा नाही. तुमच्या सॉफ्टवेअरनं त्यांचं नाव घेतलं की मी इथं सही करतो, आणि इथंही.”

पहिला कागद आमचा करार होता. दुसरा मामींना कामावरून कमी केल्याचं पत्र होतं, तारखेची जागा तेवढी कोरी. आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? मी मान हलवली. तोंडानं काही बोललो नाही, पण हलवली. त्याची लाज मला अजून वाटते.

डेमो पॅकिंगच्या हॉलमध्ये ठेवला होता. लांबलचक हॉल, खिडक्या उंचावर आणि साबणाच्या भुकटीनं पांढऱ्या झालेल्या, त्यामुळे भर दुपारीही आत संध्याकाळ. पट्ट्याची सारखी घरघर. कारखान्याची चाळीस वर्षांची रजिस्टरं तळघरातून काढून, त्यांचे फोटो काढून मी दोन दिवस आधीच ‘आठवण’ला भरवले होते. भिंतीवर पडदा लावला, लॅपटॉप जोडला. चार वाजून पाच मिनिटांनी विचारलं, पट्टा का थांबतो? पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागलं.

मामी पट्ट्यापाशी उभ्या होत्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा. आणि त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर धरले होते.

“मामी, हे काय?” मॅनेजर म्हणाले.

“काही नाही साहेब. चार-दहाला माझे हात कुठं होते, ते नंतर कुणी विचारायला नको.”

पट्ट्याशेजारी एक लोखंडी स्टूल होतं. रिकामं. मी लॅपटॉप ठेवायला त्याला हात लावला, तर मामी वर धरलेल्या हातांनीच म्हणाल्या, “त्याला नको. ते आबांचं आहे.”

आबा म्हणजे जुने फोरमन. नऊ वर्षांपूर्वी याच स्टुलावर बसल्या बसल्या गेले होते. मी पटकन लॅपटॉप खोक्यावर ठेवला.

चार वाजून दहा मिनिटं झाली आणि पट्टा थांबला.

आवाज बंद झाल्यावर कळतं, किती आवाज होता. वरचे दिवे एकदा मिणमिणले आणि मंद झाले. मामींचे हात वरच होते. आणि वास आला... लिंबाचा. ताजा, झणझणीत. मला बरं वाटलं, म्हटलं साबण झकास करतात. तसं मी बोलूनही दाखवलं.

“लिंबाचा साबण आम्ही नऊ वर्षांपूर्वी बंद केला,” मॅनेजर हळूच म्हणाले.

पण आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, काहीही झालं तरी गिऱ्हाइकाचं लक्ष पडद्याकडे न्यायचं. मी म्हटलं, “इकडे बघा, उत्तर आलं!”

पडद्यावर लिहिलं होतं: ‘पट्टा आपोआप थांबतो तो दोन महिन्यांपासून नव्हे. नऊ वर्षांपासून थांबतो.’

त्याचा अर्थ मामींनी सांगितला. त्या कारखान्यात एक पद्धत होती. शिफ्ट बदलताना चार-दहाला पट्टा बंद करायचा. जाणाऱ्यानं येणाऱ्याला सगळं तोंडी सांगायचं, कुठला रोलर आवाज करतो, कुठं तेल कमी आहे. सांगून झालं की म्हणायचं, “बघून घ्या.” येणाऱ्यानं म्हणायचं, “घेतला.” म्हणजे चार्ज घेतला. चार-वीसला पट्टा सुरू. दोन महिन्यांपूर्वी मॅनेजर साहेबांनी दहा मिनिटं वाचवायला ती पद्धत बंद केली.

“म्हणजे आधी तुम्हीच बंद करत होता ना पट्टा?” मी विचारलं.

“मला वाटायचं, दुसऱ्या शिफ्टचे करतात,” मामी म्हणाल्या. “त्यांना वाटायचं, मी करते...”

नऊ वर्षं रोज तो पट्टा कोण बंद करत होतं, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. तिघंही आम्ही एकदम स्टुलाकडे बघितलं आणि एकदमच नजर काढून घेतली.

पडद्यावर पुढची ओळ उमटली: ‘मूळ कारण: एक चार्ज अजून कुणी घेतलेला नाही. आबा थांबले आहेत. त्या दिवशी येणारा माणूस आला नाही.’

“कोण यायचं होतं त्या दिवशी?” मी सहज विचारलं. कारण शोधायची सवय, दुसरं काय!

मामींनी वर धरलेल्या हातांपैकी एक खाली आणला आणि मॅनेजरांकडे बोट केलं. तेव्हा ते साधे सुपरवायझर होते.

“मी दाढी करायला गेलो होतो,” मॅनेजर म्हणाले. “गर्दी होती... मला काय माहीत, की...” त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. माझ्याही, कारण करार डोळ्यांदेखत बुडत होता. ज्याची सही हवी त्याच्यावरच आमचं सॉफ्टवेअर उलटलं, असा डेमो आमच्या कंपनीत त्याआधी कुणी दिला नव्हता.

आणि मग पडद्यावर त्या दिवसाच्या रजिस्टरचं पान आलं. निळ्या शाईतलं, ठसठशीत अक्षर. सगळ्यात खाली आबांनी लिहिलं होतं: ‘चार्ज घेणार: टाय घातलेला इसम. बोलतो फार.’

मी पान पुन्हा वाचलं. मग मॅनेजरांकडे वळून बघितलं, आणि त्यांच्या गळ्यात टाय नव्हता! एवढा चपळ माणूस मी पाहिला नाही. मरून टोक खिशातून बाहेर लोंबत होतं आणि साहेब छताकडे बघत उभे. सगळ्या हॉलमध्ये टाय घातलेला इसम आता एकच होता. मी गाठ ओढायला गेलो, पण आमच्या कंपनीनं शिकवलेली ती गाठ घाईत सुटत नाही, उलट आवळते.

स्टूल करकरलं. कुणीतरी पुढं सरकून बसावं, तेवढंच.

आणि लॅपटॉप बोलायला लागला. त्यात एका बाईंचा आवाज आहे, अगदी हसतमुख, डेमोच्या शेवटी ‘आपला दिवस छान जावो’ म्हणणारा. त्याच आवाजात तो सांगू लागला, “दोन नंबरचा रोलर आवाज करतो. तिसऱ्या साच्यात तेल कमी आहे. डाव्या दाराची कडी नीट बसत नाही... बघून घ्या.”

लिंबाचा वास इतका, की डोळ्यांत पाणी. मी ‘घेतला’ म्हणायला तोंड उघडलं, पण बोबडी वळलेली. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलता येईना.

“बघून घ्या...” पुन्हा आवाज आला. आता त्यात ते हसू जरा कमी होतं.

मामी माझ्या कानाशी आल्या. “घ्या हो,” त्या कुजबुजल्या. “नऊ वर्षं बसलेत ते. नुसती मान हलवली तरी चालतं. पट्ट्याच्या आवाजात कुणाला काय ऐकू येतंय, आबा मान हलवलेलीच धरायचे.”

तासाभरापूर्वी मी याच बाईंची नोकरी घालवायला मान हलवली होती. आता त्यांच्याकडे बघून पुन्हा हलवली. एकदाच.

पट्टा धाडकन सुरू झाला. दिवे लागले. स्टूल एकदा करकरलं, या वेळी कुणी उठल्यासारखं, आणि हॉलच्या डाव्या दाराची कडी आपली आपण नीट बसली. मामींनी चष्मा काढून डोळे पुसले. “सुटले बिचारे,” म्हणाल्या, आणि वड्या उचलायला लागल्या. मॅनेजरांनी ते पत्र तिथल्या तिथं फाडलं आणि आमच्या करारावर, न वाचता, तीन ठिकाणी सही केली. सही दोन ठिकाणीच हवी होती. चार्ज द्यायची पद्धत दुसऱ्या दिवसापासून परत सुरू झाली, आणि तो पट्टा आपला आपण पुन्हा कधी थांबला नाही.

मला बढती मिळाली. पेढे... नाही, ते राहू द्या, चार वाजून सात मिनिटं झाली. पुढचं भरभर सांगतो.

दुसऱ्या दिवशी चार-दहाला मी लिफ्टमध्ये होतो. लिफ्ट थांबली, दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी न्हाव्याकडे. मशीन बंद पडलं, अर्धं डोकं भादरलेलं. मग दाताच्या डॉक्टरांकडे, त्यांचं ते ड्रिल दाढेत असताना. दहा मिनिटं मी आ वासून छताकडे बघत होतो. आता बायको मला चार ते साडेचार घरात घेत नाही, वॉशिंग मशीनवर तिचा फार जीव आहे. शेवटी मी ‘आठवण’लाच विचारलं. उत्तर आलं: ‘मूळ कारण: चार्ज तुमच्याकडे आहे. पुढचा माणूस आला नाही.’

मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, “द्या की कुणाला तरी. पण सगळं सांगावं लागतं हं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न लपवता. आणि समोरच्यानं मान हलवायला हवी.”

तीन वर्षं प्रयत्न करतोय. शेवटपर्यंत कुणी ऐकतच नाही. हकीकत टायपाशी आली की बायको हसत उठून जाते. मेहुण्यानं सगळं ऐकलं, पण मान आडवी हलवली.

आज सकाळी मात्र लॅपटॉप उघडला, तर मी न विचारताच एक पान समोर आलं. निळी शाई, ठसठशीत अक्षर. ‘चार्ज घेणार: जांभळी फाईल. ऐकून घेण्याची सवय. मान हलवतात.’ म्हणून तर दोन वाजल्यापासून या खोलीत बसलोय. मला आत कुणाला भेटायचं नाहीये.

वाईट वाटतं हो मला, खरंच. तुम्ही माणूस चांगले दिसता.

दोन नंबरचा रोलर आवाज करतो. तिसऱ्या साच्यात तेल कमी आहे. कडी आता नीट बसते. बघून घ्या.

नाही नाही, आता मान घट्ट धरून काय उपयोग? मघापासून कितीदा हलवलीत. हे बघा, चार वाजून दहा मिनिटं, आणि माझा लॅपटॉप चालू आहे! तीन वर्षांत पहिल्यांदा. वास येतोय ना? येणारच, त्याची सवय होते. बरं, मी निघतो. आणि दिवा गेला म्हणून बटणाशी खटपट करत बसू नका. दहा मिनिटांनी तो आपोआप लागतो.