चिखल्याची लाइन

चिखल्याच्या आरोग्य उपकेंद्रात फायबरची नवी लाइन आली होती. ती तपासायला भंडाऱ्याहून रक्षा आली, तेव्हा दुपार कलत होती. खिडकीच्या कठड्यावर खाणीची काळी धूळ साचलेली. नर्स चंद्रकांताबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला.

"आता बाळंतिणीले भंडाऱ्याले धाडाच्या आधी डॉक्टरीणबाई इथंच पडद्यावर पाहतीन. पास करून दे माय लाइन."

वेग उत्तम निघाला. रक्षा खुशीत होती. आता फक्त आवाजाची चाचणी उरली होती. इथे बोललेलं भंडाऱ्याच्या मशीनपर्यंत जाऊन परत कानात यायला किती उशीर लागतो, तेवढं पाहायचं होतं. तिने हेडफोन चढवला.

"हॅलो, चिखला."

तिचाच आवाज क्षणात परतला. पुन्हा बोलली, तर तो बोलण्याच्या बरोबरीनेच आला. इतकी चोख लाइन तिने आजवर पाहिली नव्हती. स्वतःशीच हसत तिने तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"हॅलो, चिखला," कानात आधीच उमटलं.

रक्षाने ओठ मिटले. आता भलतंच काही बोलू, असं तिने मनात आणलं.

"जांभूळ," तिचा आवाज कानात म्हणाला. तिच्या मनात तेच आलं होतं.

तिने भंडाऱ्याला मशीनवर बसलेल्या वीरेंद्रला मोबाइल लावला. "आवाज परत पाठवून राहिला ना तू?"

"नाही ना. मशीन सुरूच कुठं केली मी? तुह्या फोनचीच वाट पाहून राहिलो. काहून?"

"काही नाही."

तिने भिंतीकडची लाइनची वायर उपसून हातात घेतली.

कानातला आवाज थांबला नाही.

तो तिचाच होता, पण जरा जाडावलेला, वय झालेला. मागे कुकरची शिट्टी वाजली. "टीना, दार लोट वं. वारा येऊन राहिला."

रक्षाचं लग्न झालं नव्हतं. टीना नावाचं तिच्या ओळखीत कोणी नव्हतं. पण इतक्या सुखाने ती आयुष्यात कोणाशी बोलली नव्हती. हेडफोन काढावासा वाटेना. तिचे डोळे भरून आले.

"बरी हाये ना लाइन?" चंद्रकांताबाईंनी विचारलं.

"चांगली आहे," रक्षा म्हणाली. खरंच, तिला फार बरं वाटत होतं.

कानात एक लहान मुलगी बोलली, "आई, कोणाशी बोलून राहिली तू?"

"कोणाशीच नाही," कानातला जाडावलेला आवाज म्हणाला.

मग तो दबका झाला.

"हळू बोल. ती अजून ऐकून राहिली."