शॉर्टकटची तक्रार

दसऱ्याला हौसेरावांनी नव्या कॉम्प्युटरची पूजा अशी काही दणक्यात केली, की दुसऱ्या दिवशी क्षिप्राचे सगळे शॉर्टकट बंद.

नवी मुंबईत पावण्यातल्या त्यांच्या छोट्याशा रबर कारखान्यात ती पत्रं आणि कोटेशनं टाइप करायची. कंट्रोल, आल्ट आणि पी एकदम दाबलं की कारखान्याचं नाव-पत्ता आपोआप उमटावं, असे स्वतःचे शॉर्टकट तिने मोठ्या हौसेने बसवले होते. आता काही केल्या काही उमटेना. हौसेरावांनी फोन लावला आणि दुपारी कॉम्प्युटरवाल्यांचा इंजिनिअर दारात उभा राहिला. सावळा, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नाव मिथुन.

त्याने कीबोर्ड उलटा करून हलकेच थोपटला. हळदीकुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा टेबलावर पडला.

"मॅडम, मशीन बरोबर हाय. कंट्रोलच्या खाली अक्षता अडकलेली."

"मग आता?"

"आता काय... लगीन लागला त्याचा." मान खाली घालूनच तो म्हणाला, पण हसू काही लपेना.

क्षिप्राही हसली. तो गेला आणि तिचं कामातलं लक्षच उडालं. बाहेर स्कूटर वाजली की मान आपली खिडकीकडे. शेवटी तिने शहाण्या मुलीला न शोभणारा उद्योग केला. शॉर्टकटची अक्षरं स्वतःच इकडची तिकडे केली आणि तक्रार नोंदवली.

मिथुन आला. मग पुन्हा आला... आणि पुन्हा. दुरुस्ती चुटकीसरशी व्हायची, चहा मात्र लांबतच जायचा. तो घणसोली गावातला, आई अजून मासळी विकते, हे तिला कळलं. वाशीच्या या मुलीला जवळ्याची चटणी आवडते हे त्याला कळलं, आणि पुढच्या खेपेला डब्यातून चटणी आली.

मग एकदा आला, पण चहाही नको म्हणाला.

"काय झालं?"

"शेठनी उद्यापासून घरी बसायला सांगितलाय. एवढासा दोस सापडत नाय, तर तू काय कामाचा, बोलले."

क्षिप्राच्या मनात आलं, खरं सांगितलं तर हा पुन्हा आपलं तोंड बघणार नाही. आणि गप्प बसलं तर...

"दोष सापडणारच नाही तुम्हाला," ती कशीबशी म्हणाली. "अक्षरं मीच बदलत होते."

मिथुनचा चेहरा उतरला. "मस्करी केली माजी?"

तिने फोन ओढून त्याच्याच ऑफिसचा नंबर फिरवला. माणूस तुमचा हुशार आहे, बिघाड मी मुद्दाम करत होते, असं तिने शेठना सरळ सांगून टाकलं. पलीकडून विचारणा झाली, पण का? तिचे कान तापले. तिने मिथुनकडे पाहिलं.

"तो यावा म्हणून..." ती फोनमध्ये म्हणाली. "मला आवडतो तो."

शेठ बराच वेळ हसत होते. त्याला उद्या वेळेवर कामावर पाठवा म्हणाले. तिने तो निरोप मिथुनला सांगितला. बॅग उचलून तो दारापर्यंत गेला. संपलं सगळं, असं तिला वाटलं, तेवढ्यात तो वळला.

"यापुढं मशीनला हात लावू नको."

इतके दिवस मॅडम-मॅडम करणारा तो चक्क तिला अगं-तुगं करत होता, आणि तिला रडू येईल इतकं ते गोड वाटलं.

"मना नुसता बोलव," तो म्हणाला. "मी येन."