गाडी तापवणारा टायमर

डिसेंबरातला रविवार होता. खिडकीतल्या दिव्यांचा टायमर बिघडलाय, असा आईचा फोन आला म्हणून सिग्ने गावी आली होती. नाताळच्या आधी उत्तर स्वीडनमध्ये घरोघरी खिडकीत विजेच्या मेणबत्त्या लागतात. तिच्या आईच्या, बेरितच्या घरी मात्र त्या भर दुपारी लागत आणि ऐन अंधारात विझत.

सिग्नेनं टायमर सॉकेटमधून काढला, डोळ्यांजवळ धरला आणि हसली.

"अगं आई, बिघडलं काही नाही. वीज गेली की ही तबकडी थांबते, म्हणून तिची वेळ चुकलीय. अशी उजवीकडे फिरवून आत्ताच्या वेळेवर आणायची. डावीकडे नाही हं, मोडशील. आणि जेवढा वेळ दिवे हवेत, तेवढे हे कडेचे दात खाली दाबायचे. झालं!"

"तुझे बाबा करायचे हे सगळं," कॉफी ओतत बेरित म्हणाली.

दुपारचं जेवण होऊन फार वेळ झाला नव्हता, तरी बाहेर अंधारलं होतं. बर्फात सगळे आवाज बुडून जातात. घरही कसं मुकं झालं होतं. तेवढ्यात बाहेरच्या भिंतीवर खट्ट वाजलं. मागोमाग बारीक घरघर.

बेरितच्या हातातली किटली तशीच थांबली. "ते राहू दे," ती घाईनं म्हणाली.

पण सिग्ने दार उघडून बाहेर पडलीही होती. पडवीच्या भिंतीवर बाबांचा टायमर होता. कडाक्याच्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून निघण्याआधी ते तापवून ठेवणारा. आता तिथं गाडीच नव्हती. गेल्या मार्चमध्ये बेरितचा नवरा सिक्स्टेन मासेमारीची जाळी बघायला गाडी घेऊन गोठलेल्या तळ्यावरून निघाला आणि बर्फ खचला. गाडी वर काढली, भंगारात गेली. तो सापडलाच नाही.

सिग्नेनं टॉर्च मारला. टायमरचा एकही दात दाबलेला नव्हता. तरी तबकडी फिरत होती, लाल दिवा पेटला होता. इंजिनाला जोडायची केबल नुसतीच बर्फात पडली होती. तिच्या टोकाशी मात्र बर्फ वितळून काळी माती उघडी पडली होती... गाडीच्या नाकाएवढी. आणि शेवाळाचा, गढूळ पाण्याचा वास येत होता. एवढ्या थंडीत खरं तर कसलाच वास येत नाही.

ती आत धावली, पडवीचा फ्यूज काढला आणि कान देऊन उभी राहिली.

घरघर चालूच होती.

"आई... कधीपासून चाललंय हे?"

"पहिला बर्फ पडल्यापासून."

"आणि तू एकटी राहतेस इथं?"

"तो काही करत नाही गं. नुसता निघायच्या तयारीत असतो."

सिग्नेनं खुंटीवरचा आईचा कोट काढला. "कोट घाल. माझ्याकडे चल. आत्ताच्या आत्ता."

उन्हाळाभर 'मी घर सोडणार नाही' म्हणणाऱ्या बेरितनं आज एका शब्दानं वाद घातला नाही. कोट घातला, टोपी घातली, निघाली.

सिग्नेची गाडी फाटकाबाहेर उघड्यावर होती. काचेवरचा बर्फ खरवडायला तिनं हात उचलला, तर काच स्वच्छ होती. किल्ली फिरवताच इंजिन चालू झालं, कुणी आधीच तापवून ठेवल्यासारखं. बेरित मागचं दार उघडून बसली.

"पुढे बस ना गं."

"मागेच बरी आहे मी."

गाडी हलली. तळ्याकडची वाट डाव्या हाताला मागे पडली, तोच समोरचा लाल दिवा लुकलुकू लागला. टिंग... टिंग... टिंग... शेजारच्या सीटवर बसलेल्यानं पट्टा लावला नाही की वाजते, ती घंटा.

"आई, पुढे पिशवी ठेवलीस का गं?"

"नाही."

सिग्नेनं शेजारी बघितलं नाही. तिला बघवेना. टिंग... टिंग...

गोठलेल्या पाण्यावरून गाडी नेताना इकडे सगळे पट्टा सोडून ठेवतात. बर्फ खचलाच तर झटकन बाहेर पडता यावं म्हणून.

मागून बेरित पुढे झुकली. आवाज अगदी हळू, नेहमीचा, संसारातला.

"रस्ता लागला, सिक्स्टेन. आता पट्टा लाव."

घंटा थांबली.