चुलवाणापाशी टांगलेली जास्वंद

"शिवकन्ये, तुझ्या आईला काय झालंय? तोंडातनं शब्दच फुटंना," वीरेश म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीत वीरेश, त्याची धाराशिवची मामेबहीण शुभांगी आणि मैत्रीण शिवकन्या बेंबळीच्या गुऱ्हाळावर काकवी खायला आले होते. शिवकन्येची आई कडूबाई तिथं चुलवाणात जाळ घालायची. चार दिवसांपासून तिचा आवाज बसला होता. आज तर ती श्वासही ओढून घेत होती.

"गूळ खायचा. घसा साफ हुतो," म्हणत गुऱ्हाळाचे मालक, वीरेशचे काका सिद्रामप्पा, रोज एक खडा तिच्या हातावर ठेवत. औषध घरचं आणि मालक खूश.

शुभांगीचं लक्ष मात्र जळणाकडे गेलं. परतीच्या पावसात उसाची चिपाडं भिजली होती, म्हणून चार दिवस फुटक्या पाईपांचे तुकडे जाळात जात होते. चुलवाणाच्या तोंडातून धूर वळवळत बाहेर येई आणि नाकात झोंबे.

"अप्पा, हे पीव्हीसी आहे. यात क्लोरीन असतो. जळलं की त्याचा वायू होतो, आणि ओल्या घशात गेला की आम्ल."

"प्लास्टिक ते प्लास्टिक. धूर चिमणीतनं वर जातोय. तुमी काकवी खा."

मोठ्यांशी वाद घालून काही होत नाही, हे तिघांना घरीच कळलं होतं. कुंपणावरची जास्वंद त्यांनी कागदाच्या पट्ट्यांवर चोळली. जांभळट पट्ट्या ओल्या करून एक कडूबाईच्या डोक्याशी टांगली, दुसरी लांब विहिरीवर.

तासाभरात चुलवाणापाशी टांगलेली पट्टी गुलाबी झाली. विहिरीवरची तशीच होती. वीरेशनं दोन्ही पट्ट्या काकांपुढे धरल्या.

"अप्पा, तुमच्या हातानं विहिरीवरच्या पट्टीवर लिंबू पिळा. आम्लानं काय हुतं बघा."

सिद्रामप्पांनी लिंबू पिळलं. तीही गुलाबी झाली.

तेवढ्यात कडूबाई बसल्या जागी कलंडली. तिचे ओठ निळे पडले होते. शिवकन्या इतकी घाबरली, की तिला रडूही येईना. तिघांनी कडूबाईला मोकळ्या हवेत ओढलं, सिद्रामप्पांनी जीप काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "धोका टळला. अजून एक दिवस धुरात काढला असता, तर अवघड होतं. कशाचा धूर ते या मुलांनी नेमकं सांगितलं. शाब्बास."

"लई हुशार पोरं," सिद्रामप्पा म्हणाले. "म्या कालच पाईप जाळायचे बंद केले."

शिवकन्येनं आईचा हात सोडला नाही. "अप्पा, आईच्या जागी तुमी बसला असता, तर कवा बंद केले असते?"

सिद्रामप्पांनी मान खाली घातली.

"पहिल्याच दिशी," ते म्हणाले.