कोल्ड फोर्कच्या डोहातले दगड

वेंडेल प्रुएट अजून जिवंत आहे. इथून अकरा मैलांवर राहतो. हवं तर उद्या सकाळी तुम्हाला त्याच्या दारात नेऊन उभं करतो, म्हणजे मागाहून म्हातारा थापा मारत होता असं कुणी म्हणायला नको. ते लाकूड जरा आत सरकव रे, सगळा धूर माझ्या तोंडावर येतोय. हां, आता ठीक.

वेंडेल या राखीव रानाचा रखवालदार होता. रान हेच, फक्त ओढ्याच्या पलीकडचं अंग. ओझार्कच्या या डोंगरांत कुणीही यावं, तंबू ठोकावा, चौदा रात्री राहावं, एक सेंट द्यावा लागत नाही. नळ नाही, संडास नाही, दिवा नाही. आणलं ते परत घेऊन जा आणि आगीभोवती दगडांचं कडं मांडू नका, एवढंच सांगणं. तेवढंही लोकांना पाळवत नाही! दर सोमवारी सकाळी सहाला वेंडेल फावडं, दाताळं आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्या ट्रकमध्ये टाकून निघायचा आणि जे सापडायचं ते उपसायचा. बियरचे डबे, अर्धे जळलेले डायपर, एकदा तर आख्खा सोफा. रानात सोफा! रस्त्यापासून पाऊण मैल आत तो मेला कुणी आणि कसा वाहून आणला असेल? घरी स्वतःच्या अंगणात थुंकणार नाहीत, पण फुकट मिळालं की त्या जागेला धनीच नाही असं धरून चालतात. मला आजही बोलताना कानशिलं तापतात.

सगळ्यात वाईट गत पाच नंबरच्या जागेची. ओढ्याकाठी उंचवटा, देवदाराची जुनी झाडं, खाली निळ्या फुलांची वेल पसरलेली. सगळ्यांना तीच जागा हवी. आणि तिथे दर आठवड्याला दगडांचं कडं. नियम असा की कडं मोडायचं आणि दगड रानात विखरून टाकायचे. वेंडेलने दोन वर्षं तसं केलं. शुक्रवारी नवी टोळी यायची, तेच दगड वेचायची आणि पुन्हा मांडायची. शेवटी एका सोमवारी त्याचं डोकं फिरलं. "बघतोच आता कुठनं आणताय ते," म्हणाला, आणि एकेक दगड उचलून तीस पावलांवरच्या डोहात फेकला. धबाक. धबाक. भारी समाधान वाटलं म्हणे. मग दर सोमवारी तेच. चार वर्षं.

आता तारीख नीट ऐका. शनिवार, चोवीस मे, दोन हजार चौदा. डेकोरेशनच्या रविवारचा, म्हणजे गेलेल्यांना फुलं वाहायच्या दिवसाचा, आदला दिवस. दुपारी तीनच्या सुमारास पाच नंबरपाशी एक गाडी येऊन थांबली. आतून उतरल्या ऑर्फा क्रॅबट्री, वय अठ्ठ्याऐंशी, हातात चार पायांची काठी. गाडी चालवणारी त्यांच्या नवऱ्याची भाची डार्ला. दोघी कॅन्सस सिटीहून आलेल्या. कंबरेचं हाड मोडल्यामुळे बाईंना गेली चार वर्षं येता आलं नव्हतं. त्या हळूहळू उंचवटा चढल्या. वरती काळीठिक्कर राख, वितळलेली एक बाटली आणि वेलीत तुडवलेल्या वाटा. बाकी काही नाही.

वेंडेल खाली पिशवी भरत होता. बाईंनी वरूनच हाक मारली.

"काय रे, या रानाचा रखवालदार तूच का?"

"हो, मॅडम. वेंडेल प्रुएट."

"मग सांग. माझी भावंडं कुठंयत?"

वेंडेलला वाटलं, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही. तो हसून म्हणाला, "कुणासोबत आली होती? कुठला तंबू?"

"तंबू?" बाईंचा आवाज चढला. "अरे, एकोणीसशे बत्तीस सालच्या हिवाळ्यापासून ती इथं आहेत! ओटिस, पर्ल, रॉय, आयडा आणि धाकटं. अकरा दिवसांचं होतं, नाव ठेवायलाही उसंत मिळाली नाही. घटसर्प झाला घरात. अडीच आठवड्यांत पाच. मी तेवढी राहिले. पाटी कोरायला पैसे नव्हते, म्हणून पपांनी शेतातनं दगड आणून उभे केले. ज्या मापाचं पोर, त्या मापाचा दगड. इथं पाच दगड होते. ते कुठंयत?"

डार्ला म्हणाली, "मामी, पुरात वाहून गेले असतील."

"उंचवट्यावर पूर येतो का? काहीतरी बोलू नकोस."

तंबूवाल्यांनी कड्यासाठी काय उपटलं आणि आपण डोहात काय फेकलं, ते वेंडेलला तेव्हा कळलं. वेलीखालचे ते पाच लांबट खळगे त्याने कितीदा पाहिले होते. जमीन खचली असेल, असं समजून तो त्यांतून दाताळं फिरवायचा. आणि एका मोठ्या दगडाला दोन हात लागले होते, हेही त्याला आत्ता आठवलं. बारका एक होता, तो एका हातात मावला होता. तो सगळ्यात लांब गेला होता.

त्याला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. म्हणाला, "मी शोधतो, मिस ऑर्फा."

"शोध. मी उद्या सकाळी नऊला फुलं घेऊन येणार. पाच डबे. कुठला डबा कुठं ठेवायचा ते मला उभं राहून दाखव. माझी ही शेवटचीच खेप आहे, पुढल्या वर्षी मला आणणारं कुणी नसेल अन् बहुतेक मीही नसेन." त्या वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "आमची जमीन घेतली तेव्हा तुमच्या सरकारी लोकांनी पपांना शब्द दिला होता. रान सांभाळू म्हणून. छान सांभाळलंत."

वेंडेलने त्या जागेच्या वाटेला साखळी लावली. सुट्टीसाठी आलेल्या दोन टोळ्यांना परत पाठवलं. त्यांनी शिव्या घातल्या, याने ऐकून घेतल्या. मग रात्री दहा चाळीसला तो एकटाच परत आला. दिवसा का नाही आला? लाज वाटत होती म्हणून. आपलं आपण निस्तरावं, कुणी बघू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

चंद्र पहाटे चारनंतर उगवायचा होता. अंधार गच्च. रातवा पक्षी एकसारखा ओरडत होता. वेंडेलने कपाळाला विजेरी बांधली, गुडघ्यांवर येणारे रबरी बूट चढवले आणि डोहात उतरला.

कोल्ड फोर्क ओढ्याचं पाणी झऱ्याचं, मे महिन्यातही हाडं गारठवणारं. पाणी मांड्यांपर्यंत आलं, बूट भरले. वेंडेल खाली वाकला, कोपरापर्यंत हात घातला. दगड. दुसरा दगड. तिसरा. सगळे बर्फासारखे थंड, सगळे शेवाळलेले, सगळे एकसारखे. चार वर्षांत त्याने तिथे चारपाचशे दगड तरी फेकले असतील. त्यातले पाच कसे ओळखायचे? वर आणून विजेरीत धरायचा, उलटसुलट बघायचा, पुन्हा टाकायचा. साडेअकरा वाजले. बोटं सुन्न झाली. आधी तो तंबूवाल्यांना शिव्या देत होता, मग सरकारला, मग स्वतःला. स्वतःला घातलेल्या शिव्या मी तुमच्यासमोर सांगत नाही.

आणि मग कुणीतरी खोकलं.

उंचवट्यावर. पोरगं होतं. भुंकल्यासारखा, घोगरा खोकला.

वेंडेलला वाटलं, साखळी ओलांडून आलेच बघा हरामखोर. तो ओरडला, "ए! कोण आहे तिकडं? जागा बंद आहे, वाचता येत नाही का?"

रातवा गप्प झाला.

पुन्हा खोकला. या वेळी दोघांचा. मग तिघांचा. एकमेकांत मिसळून... थांबून... श्वास ओढायची ती शिट्टी...

विजेरीच्या उजेडात उंचवटा रिकामा होता. वेल, राख, झाडं.

त्याचा हात अजून पाण्यात होता. एका दगडावर. आणि तो दगड थंड नव्हता.

आगीतनं काढल्यासारखा भाजत नव्हता, पोरांनो. वेंडेलला मुलगी आहे. ती चार वर्षांची असताना तिला एकशेचार ताप चढला होता, आणि रात्रभर तो तिच्या कपाळावर हात ठेवून बसला होता. त्याने मला सांगितलं, "सेम तसा. तसाच गरम. अन् जरासा ओला."

त्याने तो दगड उचलला. मधल्या मापाचा होता. पाण्याबाहेर निघून काठ चढला. वेल बाजूला केली, खळगे हातांनी चाचपले. मधल्या खळग्याच्या डोक्याशी त्याने दगड उभा केला आणि माती दाबली.

एक खोकला थांबला.

बाकीचे चालूच.

वेंडेल परत पाण्यात गेला. आता तो दगड बघत नव्हता. नुसता हात फिरवत होता. थंड... थंड... थंड... गरम. उचलला. आणला. ठेवला. दुसरा खोकला थांबला. पुन्हा खाली. तिसरा दगड आधीच्यापेक्षा गरम होता. बाकीचे खोकले आता मोठे झाले होते, चिडलेले. कुणीतरी इतकी वर्षं हाका मारतंय आणि समोरचा ऐकतच नाही, तसे. वेंडेल रडत होता. "आणतोय," म्हणत होता. "आणतोय रे, आणतोय..."

ओटिसचा दगड शेवटी निघाला. दोन्ही हातांनी छातीशी धरला. शर्टातून पोटाला चटका बसत होता. सोडला नाही. काठावर दोनदा पडला. गुडघा फुटला. चढला.

ठेवला.

शांत.

पाच खळगे. पाच दगड. दोन वाजून दहा मिनिटं.

वेंडेल तिथेच मातीत बसला. झाडाला टेकला. रातवा पुन्हा ओरडेल म्हणून वाट बघत होता.

रातवा ओरडला नाही.

डोहातून... खोकला आला.

एकटाच. बारीक. त्या पाचांपैकी कुणाचाच नाही.

वेंडेल उठला. डोहाकडे एक पाऊल टाकलं त्याने. खरंच टाकलं. मग त्याचे पाय वळले. ट्रकपाशी पोचेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. गाडी चालू केली, काचा वर घेतल्या, रेडिओ लावला. रेडिओतून सुद्धा तो ऐकू येत होता, असं तो म्हणतो.

सकाळी नऊला ऑर्फाबाई आल्या. डार्लाच्या हातात कॉफीचे पाच रिकामे डबे, चांदीचा कागद गुंडाळलेले, त्यांत गुलाबी पिओनीची फुलं. वेंडेल अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून उभा होता. हातांच्या तळव्यांना पट्ट्या होत्या. बाई एकेका दगडापाशी थांबल्या. वाकता येत नव्हतं, तर काठीचं टोक दगडाला अलगद लावत होत्या. "ओटिस. पर्ल. हा रॉय." क्रम बरोबर होता. डार्लाने डबे ठेवले.

मग बाई वळल्या. "चार वर्षं कुठं होते?"

वेंडेलने सांगितलं. सगळं. डोह, सोमवार, धबाक. स्वतःच्या रागाचंही सांगितलं.

बाईंनी त्याच्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. "फेकताना जड नाही लागले?"

"लागले, मॅडम."

"मग?"

बाईंनी काठीचं टोक त्याच्या बुटाला लावलं.

"तुला तंबूवाल्यांचा राग आला. बरोबर होता राग. पण एकदाही खाली बघितलं नाहीस, हातात काय आहे ते. मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. माझ्याकडे तेवढी वर्षं उरली नाहीत."

त्या गाडीकडे निघाल्या. वेंडेल मागोमाग गेला. राहवेना त्याला.

"मिस ऑर्फा, इथं सहावं कुणी होतं का? अगदी लहान?"

बाईंनी दार धरून त्याच्याकडे पाहिलं. "आम्ही सहा होतो. सहावी मी. अन् मी तर तुझ्यासमोर उभी आहे." मग जरा विचार करून म्हणाल्या, "आमच्या आधी इथं कोण राहत होतं, ते पपांनाही ठाऊक नव्हतं."

त्या रात्री वेंडेल झोपला नाही. आपल्याला जायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. ज्या पाचांना विचारणारं कुणी आलं त्यांना आणलं. ज्याला विचारणारंच कुणी उरलं नाही त्याला तसाच पाण्यात सोडून पळालो. ओटिसच्या मापाचा मोठा दगड उचलायला भ्यालो नाही आणि त्या बारक्याला भ्यालो. सोमवारी उजाडल्याबरोबर डोहात उतरायचं, असं त्याने ठरवलं.

सोमवारी पहाटे साडेपाचला त्याने घराचं दार उघडलं.

पायरीवर दगड होता. मुठीएवढा. खाली आणि भोवती पायरी कोरडी, दगड मात्र ओला, शेवाळलेला. डोह तिथून अकरा मैल आहे.

त्याने गावभर विचारलं. जुनी दप्तरं पाहिली. चर्चमधल्या वह्या चाळल्या. कुणाचा, कुणालाही ठाऊक नाही. तिथे सहावा खळगा नाही, तेव्हा नेऊन ठेवायचा तरी कुठे? अजून त्याच पायरीवर आहे. जानेवारीत फूटभर बर्फ पडतं, सगळी पायरी बुजते, तेवढा भाग उघडा राहतो.

गेल्या रविवारी मी त्याच्याकडे कॉफीला गेलो होतो. निघताना हात लावून पाहिला.

अजून गरम आहे.