निळ्या दोऱ्याचा हात

लाइट गेलीच आहे तर बसा सगळे. कंदील जरा इकडे सरकवा. आणि त्या कोपऱ्यातल्या जाड्यानं काय घाबरायचं ते आत्ताच घाबरून घ्यावं, नंतर माझ्या अंगावर पडू नये. माझी हाडं जुनी आहेत.

तुमच्यात बी.ए. झालेले तिघं आहेत. सांगा बघू, सायप्रस कुठं आहे? राहू द्या, डोकं खाजवून केस जातील. मी चौथी नापास, पण तिथं जाऊन आलोय. भूमध्य समुद्रातलं बेट आहे ते. आणि तिथून एक वस्तू घेऊन आलोय, तिचं शेवटी सांगतो.

साल एकोणऐंशी. मी रियाधला सुतार होतो, काँक्रीटच्या शटरिंगचा. तेलाचा पैसा असा उसळत होता की सकाळी जिथं नुसती वाळू बघावी तिथं संध्याकाळी पाया खणलेला. आमची कंपनी सायप्रसच्या लोकांची. रियाधच्याच अल मलाझ भागात तिनं एक जुनं घर भाड्यानं घेतलेलं, खोलीत सहा-सहा खाटा. माझ्या शेजारची खाट नसरुद्दीनची. नसरू रत्नागिरीकडचा, खाडीपलीकडचा, सळ्या बांधणारा. उंच, अबोल, आणि माझ्या सगळ्या चेष्टांचं गिऱ्हाईक.

चेष्टा म्हणजे कसल्या? एकदा त्याच्या लुंगीची दोन्ही तोंडं रात्रीतून शिवून टाकली. एकदा शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, पहाटे खिडकीबाहेर उभा राहून फोरमनच्या आवाजात "यल्ला! यल्ला!" ओरडलो, म्हणजे चला, चला. अकरा माणसं हेल्मेट घालून रस्त्यावर बसची वाट बघत उभी राहिली. नसरू सगळ्यात पुढं.

"धोंड्या मेल्या, तुझ्या हाताला खाज आहे," तो म्हणायचा. "एक दिवस त्या हातानंच तू मरशील."

हसायचा मात्र तोच सगळ्यात जास्त.

तर शटरिंगची काही नवी पद्धत आली, ती शिकायला कंपनीनं आम्हा दोघांना पंधरा दिवस सायप्रसला पाठवलं. तिथं आमचा मास्तर होता आंद्रेआस. म्हातारा, मिशाळ, तोंडात चार शब्द इंग्रजी, चार अरबी. पहिल्या रविवारी त्यानं आम्हाला गाडीत घातलं आणि बेट दाखवायला निघाला.

आधी दाखवलं एक जुनं देऊळ. दोन हजार वर्षांचं, म्हणाला. डोंगराच्या कडेवर चार खांब उभे, बाकी दगड आडवे. छप्पर नाही, देव नाही. खाली निळा समुद्र.

मी म्हटलं, "मास्तर, काँट्रॅक्टर ॲडव्हान्स घेऊन पळाला वाटतं."

नसरू खांबाला टेकून हसला. त्याला इतकं मोकळं हसताना मी परत पाहिलं नाही.

दुपारी गेलो चर्चला. डोंगरातल्या गावात दगडी चर्च, एवढंसं, आठशे वर्षांचं. आत अंधार. मेणाचा आणि ऊद जाळल्याचा वास. भिंतीवर साधुसंतांची चित्रं, आणि बऱ्याच चित्रांचे डोळेच नाहीत. तिथं नुसता पांढरा चुना. मी विचारलं, हे कुणी केलं? आंद्रेआस म्हणाला, गावच्या बायकांनी. डोळ्यांच्या औषधाला म्हणून संतांचे डोळे खरवडून नेले.

"मग बरे झाले का डोळे?"

त्यानं खांदे उडवले. "देवळातून नेलेलं घरी काम करत नाही."

आणि एका चित्रापुढं दोरीवर टांगलेले मेणाचे अवयव. पाय, कान, छाती, अख्खं तान्हं मूल. ज्याचं जे दुखतं त्यानं ते मेणाचं करून वाहायचं. दाराशी काळ्या कपड्यातली एक म्हातारी विकत बसलेली. मला हसू आवरेना. बाहेर जाऊन मांजराशी खेळत बसलो. नसरू आत होता... बराच वेळ. बाहेर आला तेव्हा मला म्हणाला, "धोंड्या, तुझ्याकडची निळी दोरी जरा दे."

सुताराची आखणीची दोरी, नीळ लावलेली, माझ्या खिशात कायम असायची. वीतभर तोडून दिली. कशाला, ते विचारलंसुद्धा नाही. तो परत आत गेला.

पुढच्या रविवारी, निघायच्या आदल्या दिवशी, आंद्रेआस एकटा चर्चला निघाला होता. मीही बसलो गाडीत. नसरू कपडे धूत होता. आंद्रेआस मेणबत्ती लावत होता, म्हातारी पेंगत होती, आणि माझ्या हाताला खाज सुटली. अंधारात हाताला आला तो अवयव ओढला. छोटासा हात, पोराचा. चटकन मोज्यात घातला. नसरूच्या उशीखाली ठेवायचा आणि त्याची किंकाळी ऐकायची, बस्स, एवढाच विचार.

रियाधच्या विमानतळावर माझी हत्यारांची पेटी उघडली. मोजा त्यातच होता. चर्चच्या असल्या वस्तूवर तिथं काय झालं असतं ते विचारू नका. शिपायानं रंधा उचलला, करवत उचलली, मोजा चाचपला... आणि पेटी बंद केली.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली. बाहेर शेहेचाळीस डिग्री. वीज गेली तर असाव्यात म्हणून खिडकीत ठेवलेल्या मेणबत्त्या केळ्यासारख्या वाकलेल्या. मी मोज्यातून हात काढला, तर तो टणक. आणि गार, माठासारखा. तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी तो उशीखाली सरकवला आणि डोळे किलकिले करून पडलो.

नसरू आडवा झाला. उठला. उशी उचलली.

किंकाळी आलीच नाही.

त्यानं तो हात मांडीवर घेतला, उलटा केला. मनगटाला निळी दोरी बांधलेली होती. माझीच. मी ती पाहिलीच नव्हती.

"धोंड्या..." तो कुजबुजला. "जागा आहेस? हा माझा हात आहे."

"काय बडबडतोस?"

"मैमुनाचा."

मैमुना त्याची मुलगी, सात वर्षांची. दोन वर्षांची असताना ताप आला आणि उजवा हात गेला. लोंबायचा नुसता. एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते नसरूनं आता सांगितलं. त्या चर्चमध्ये त्यानं लेकीसाठी हात वाहिला होता.

आता तुम्ही कोकणातली माणसं. नवस बोलला की तोंड मिटायचं, हे तुम्हाला शिकवायला नको. फिटेपर्यंत बायकोलाही सांगायचा नाही. आमचा रवळनाथ असो की त्यांचा डोंगरावरचा पीर, नियम एकच. म्हणून तो बोलला नव्हता. त्यात मुसलमान माणूस, चर्चमध्ये हात जोडलेला, राहायचा सौदीत. कुणाला सांगणार?

"परत पाठवला रे," तो म्हणाला. "समुद्र ओलांडून परत पाठवला. नाही म्हणाला मला."

मी सांगणार होतो. देवाशप्पथ सांगणार होतो, की अरे वेड्या, मीच आणला, चेष्टा होती. पण त्याचं तोंड बघितलं, आणि तेवढ्यात त्यानं तो हात रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. म्हटलं, उद्या सांगू.

पुढच्या शुक्रवारी त्याच्या घरून कॅसेट आली. तेव्हा पत्रं कुणाला लिहिता येत होती? घरची बाई टेपात बोलायची, कुणी रजेवरून येणारा कॅसेट घेऊन यायचा. बाहेर वाळूचं वादळ होतं. भर दुपारी खोली तांबडी-काळी झालेली, दातांत कचकच. मी टेप लावला. शरफुन्निसावहिनीचा आवाज आला, घाईचा, धाप लागल्यासारखा.

"अहो, रविवारी असरच्या नमाजाच्या वेळेला मैमुनानं बोटं हलवली. आज बुधवार, पेला धरते. ऐका. वाजव गं, बाबाला ऐकव..."

टिक. टिक. टिक. पितळी पेल्यावर नख वाजावं तसं.

नसरू टेपाला कान लावून रडत होता, हसत होता. "त्याच रविवारी रे धोंड्या! मी बांधला त्याच दुपारी, त्याच वेळेला!"

बाजू संपली. कॅसेट उलटी केली ती मीच. ह्या हातानं.

दुसऱ्या बाजूला आधी वहिनीनं मैमुनाला बाहेर जायला सांगितलं. मग म्हणाली, "आज सोमवार. काल दुपारपासून हात परत पडला. गार लागतो. पहिल्यापेक्षा गार... तुम्ही काही केलंत का तिकडे?"

टेपाचं बटण खटकन वर आलं. नसरू भिंतीकडे बघत होता. कॅसेट संपली होती, आणि आवाज येत होता.

टिक. टिक. टिक.

वरच्या खाटेवरून आमच्याच खोलीतला शंकर झोपेत म्हणाला, "टेप बंद करा की रे..."

आवाज नसरूच्या पत्र्याच्या ट्रंकेतून येत होता.

मी धावत आंद्रेआसकडे गेलो, तो तेव्हा कंपनीच्या कामासाठी रियाधलाच आलेला. त्याला म्हटलं, समजा... कुणीतरी चर्चमधून असं काही आणलं, तर? त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला.

"ज्यानं सोडला त्यानंच बांधायचा. दुसऱ्यानं बांधून चालत नाही."

आणि नशीब बघा कसं मस्करी करतं, माझा बाप शोभेल असं. महिन्यानं सायप्रसला जायची दुसरी यादी लागली. एकच जागा, आणि नाव माझं. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, यादीशिवाय कुणाला देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. नसरू माझ्यापुढं येऊन उभा राहिला. एवढा उंच माणूस, अर्धा झालेला.

"तुझ्या जागी मला जाऊ दे. मी परत बांधतो. पाया पडतो, गयावया करतो. एकदा हललीत रे तिची बोटं... जन्मभर तुझ्याकडे पाणी भरीन."

तू जाऊन उपयोग नाही, मलाच जायला हवं. एवढंच वाक्य होतं. पण त्याच्या मागोमाग 'का?' आलं असतं. मी आयुष्यभर इतकी बडबड केली, तुमचे कान किटवले, पण ते वाक्य काही तोंडातून निघालं नाही.

"जा," मी म्हटलं.

त्यानं माझा उजवा हात धरून त्याचं चुंबन घेतलं.

परत आला तो खुशीत. "सात गाठी मारल्या, धोंड्या! आता बघतो कोण परत पाठवतो." सगळ्यांना हलवा वाटला. त्याच दुपारी मी पेन्सिल शोधायला हत्यारांची पेटी उघडली. तळाशी मोजा होता, भरलेला. आत हात. मनगटाला निळी दोरी, सात गाठी.

अकरा दिवसांनी तार आली. ताप, म्हणे. एका रात्रीत गेली मैमुना.

नसरू कायमचा घरी निघाला. निघताना मला मिठी मारली. "निदान तिचा हात तिथं आहे रे. समुद्राच्या काठावर, मेणबत्त्यांच्या उजेडात. तेवढं तरी राहिलं."

"हो," मी म्हटलं.

पेटी माझ्या खाटेखाली होती.

नसरू अजून आहे. म्हातारा झालाय, ऐकू कमी येतं. दर ईदला फोन करतो आणि एकच विचारतो, "धोंड्या, असेल ना रे तो हात तिथं अजून?" मी ओरडून सांगतो, "आहे!" तो समाधानानं फोन ठेवतो. मग मी पेटी उघडतो.

तेव्हा तो माझ्या तळव्यात मावायचा. दहा वर्षांत मोज्यात मावेना. मेण झिजतं, वितळतं, वाढत नाही, एवढं चौथी नापासालाही कळतं. आता तो बाईचा हात झालाय. मनगटावर बांगड्यांचे वळ आहेत. खाडीत टाकला, पुरला, चुलीत घातला. संध्याकाळी पेटीत. निळी दोरी मात्र तेवढीच आहे, आत रुतलीय.

आणि पूर्वी बोटं सरळ होती. माझ्या प्रत्येक 'आहे'बरोबर ती थोडी थोडी मिटत आलीत, काहीतरी धरायला वळावीत तशी. एकदा सहज मी त्यांच्यामध्ये माझं उजवं मनगट ठेवून बघितलं. बरोबर बसलं. तेव्हापासून दर ईदला माप घेतो. घेऊ नये हे कळतं, पण सुताराची सवय.

गेल्या ईदला तिच्या बोटांत आणि अंगठ्यात दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट होती. यंदा एक.