युरियाच्या टाकीतली बातमी

डोंगरवाट प्रवासी संघाच्या कणकवली–कोल्हापूर बसमध्ये मागच्या बाजूला एक चकचकीत संडास होता आणि त्याच्या दारावर पाटी होती : ‘आपले योगदान अमूल्य आहे.’ सुरुवातीला लोक ती वाचून खो खो हसत. आता कुणाला त्याचं काही वाटत नसे. उलट घाट लागायच्या आत ड्रायव्हर खोतमामाच आरशातून मागं बघून हाळी देत, “अरे, जावा की कुणीतरी! टाकी खाली गेलीया!”

त्या दुपारी बसमध्ये मुरगूडचा कबड्डी संघ होता. स्पर्धा जिंकून निघालेली पोरं ती, गप्प कशी बसतील?

“मामा, गाडी खरंच आमच्या लघवीवर चालते?” कॅप्टननं विचारलं.

“चालती डिझेलवरच. पण इंजिनाच्या धुरात नत्राचे विषारी वायू असतात. लघवीतला युरिया गाळून, आटवून त्याचं पाणी त्या तापलेल्या धुरावर फवारलं, की विषाचा साधा नायट्रोजन आणि वाफ होती. पूर्वी हा युरिया बादलीनं विकत आणायला लागायचा. आता तुम्ही हायसा की!”

सगळी बस हसली. तिकिटं फाडत कंडक्टर अर्पिता खाडेही हसली, पण तिला त्या संडासाची किंमत वेगळीच ठाऊक होती. नोकरीला लागली तेव्हा ती सकाळी घोटभर चहा घेऊन निघे, ते घरी परत येईपर्यंत पाण्याला शिवत नसे. वाटेत बाईमाणसानं जायचं कुठं? अर्ज करून करून बायका थकल्या, पण वीटसुद्धा हलली नाही. मग धुराचा कायदा कडक झाला, गाड्यांना युरियाची तहान लागली आणि बघता बघता गाडीगाडीत, थांब्याथांब्यावर संडास उभे राहिले. “आमच्यासाठी नाही झाले, धुरासाठी झाले. झाले ना पण!” असं ती म्हणायची.

फोंडा घाटाची निम्मी चढण झाली आणि बसनं मान टाकली. खोतमामांनी पाय दाबला तरी गाडी पिकअप घेईना. समोरच्या पडद्यातून आवाज आला, “युरियाच्या गाळणीत अनोळखी प्रथिन. तपास सुरू आहे. तोपर्यंत इंजिनाची शक्ती कमी ठेवली आहे.”

“आयला! प्रोटीनची पावडर कोण खातंय रं तुमच्यात?” खोतमामा गरजले.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दोघांनी तर चक्क माना खाली घातल्या. एवढ्यात पडदा पुन्हा बोलला, “तपास पूर्ण. गर्भधारणेचे संप्रेरक आढळले.”

पोरांनी माना वर काढल्या. मग सगळ्यांच्या नजरा पुढच्या सीटवरच्या परबआजींकडे वळल्या.

“माझ्याकडे काय बघतास रे मेल्यांनो! माका पंचाहत्तर वर्सां झाली!” म्हणत आजी अशा हसल्या की त्यांना ठसकाच लागला.

गाळणी सकाळी कणकवलीलाच बदललेली. तेव्हापासून बसमध्ये बाया दोनच. एक आजी, आणि दुसरी...

अर्पितानं बोटांवर दिवस मोजले. पाळी चुकली होती, पण ती धावपळीनं लांबली असेल असं तिनं धरून चाललं होतं. याआधी दोनदा पोटात राहिलं होतं आणि दोनदा गेलं होतं. गेल्या वर्षी तिनं नवऱ्याला, सुहासला, सांगून टाकलं होतं, “आता पुरे. आपण दोघंच बरे.” “चालेल गं,” म्हणून तो भाजी आणायला गेला आणि रिकाम्या पिशवीनं परत आला. ते आठवून तिला आता रडू फुटलं, हसूही फुटलं, आणि मागोमाग संतापही आला.

“माझ्या पोटातलं मला ठाऊक नाही, आणि या डबड्याला ठाऊक!”

डबडं पुढं बोललंच. “रेंज मिळताच अहवाल नियंत्रण कक्षाकडे जाईल.”

अर्पिता खोतमामांकडे वळली. नियंत्रण कक्षात दुपारच्या पाळीला सुहासच बसे. गाड्यांचे सगळे बिघाड त्याच्या पडद्यावर उमटत. आपल्या बाळाची बातमी त्यानं बिघाडांच्या रांगेत वाचायची?

“मामा, बंद करा ते!”

खोतमामांनी बटणं दाबून पाहिली. “होत नाही गं. ड्रायव्हर लोक युरियात नुसतं पाणी घालून थापा मारायचे, म्हणून कंपनीनं ह्या यंत्राला कुलूपच घातलंय. हे आपल्या बाचं ऐकायचं नाही.”

“रेंज कुठं येते?”

“त्या पुढच्या वळणावर. गाडीलाबी आणि फोनलाबी.” मग त्यांनी बस डाव्या अंगाला घेतली आणि हँडब्रेक ओढला. “गाडी हितंच ऱ्हाईल. तू चालत पुढं जा आणि आधी तू सांग. सावकाश जायचं. पळालीस तर बघ!”

“पण ह्यांना उशीर... गावात मिरवणूक आहे ह्यांची,” अर्पिता पुटपुटली.

“थांबंल की मिरवणूक!” कॅप्टन ओरडला. “ताई, तुम्ही जावा बिनघोर!”

परबआजींनी तिचा दंड धरला. दोघी चढ चढू लागल्या. अर्पिताचे पाय पळायला बघत होते आणि आजी तिला मागं खेचत होत्या. “सावकाश गो बाय. आता तू एकटी नाय.” हे ऐकून अर्पिताला पुन्हा भरून आलं. तिला भीती वाटत होती, खूप भीती. पण आज पहिल्यांदा त्या भीतीत आनंदही होता.

वळणावर फोनला रेंज आली. तिनं नंबर लावला.

“कुठं आहेस तू?” सुहास वैतागला होता. “गाडी अजून वळणावर कशी आली नाही? पडद्यावर काहीच येईना!”

“येईल, जरा वेळानं येईल. त्याआधी माझं ऐक. सुहास, मला दिवस गेलेत.”

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मग तो हसला की रडला, तिला कळेना. तिचंही तेच चाललं होतं. आजी पदरानं तिचे डोळे पुसत होत्या आणि मागं बसच्या खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली होती.

“अगं, पण सकाळी निघालीस तेव्हा काही बोलली नाहीस!” सुहासचा आवाज एकदम चढला. “घाटात डॉक्टर नाही, दवाखाना नाही. मग तुला कुणी सांगितलं?”